मीटरवर बारा व्होल्ट, तरी रिव्हर्स लाइट बंद

रात्री गाडी मागे घेत होते आणि शेजारचे काका मागून चालत आले, मी आरशात बघत होते पण मागे पूर्ण अंधार, काका दिसले तेव्हा मध्ये जेमतेम हातभर अंतर उरलं होतं. कचकन ब्रेक दाबला. काकांना काही झालं नाही, पण ते म्हणाले, "अगं, तुझा मागचा पांढरा लाइट लागतच नाहीये, मला वाटलं गाडी उभी आहे." खरंच आहे ते. लाल लाइट गाडी उभी असली तरी लागलेला असतो, गाडी आता मागे येणार हे मागच्या माणसाला सांगणारा एकच दिवा असतो आणि तो माझ्या गाडीत कधीपासून बंद होता ते मलाच माहीत नव्हतं, कारण ड्रायव्हरच्या सीटवरून तो दिसत नाही. त्या रात्री झोप नीट लागली नाही आणि सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम हेच घेतलं.

गाडी जुनी आहे, मॅन्युअल गिअर, हॅचबॅक, आणि रिव्हर्स लाइट दोन्ही बाजूंना डिकीच्या दारातच बसवलेले आहेत. हे दारात असणं पुढे फार महत्त्वाचं ठरलं म्हणून आधीच सांगून ठेवते. बऱ्याच गाड्यांत एकाच बाजूला रिव्हर्स लाइट असतो आणि दुसऱ्या बाजूला फॉग लाइट, त्यामुळे तुमचा एकच लागत असेल तर तो बिघाडच असेल असं नाही, आधी दुसऱ्या बाजूला बल्ब बसवायची जागा तरी आहे का ते बघा. माझे मात्र दोन्ही बंद होते.

सुरुवात बल्बपासून केली. १२ व्होल्ट २१ वॅटचा साधा एका फिलामेंटचा बल्ब, दोन्ही खिट्या समोरासमोर एकाच उंचीवर. ब्रेक लाइटचा दोन फिलामेंटवाला बल्ब दिसायला तसाच असतो पण त्याच्या खिट्या वरखाली असतात, तो जबरदस्तीने यात घुसवू नये, होल्डर वाकडा होतो. दोन्ही बल्ब बाहेर काढून बघितले, फिलामेंट शाबूत, मल्टिमीटरवर एक ओहमच्या आत. थंड बल्ब इतकाच कमी रेझिस्टन्स दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग फ्यूज. माझ्या गाडीत त्याच फ्यूजवर डॅशबोर्डमधले काही दिवे पण आहेत आणि ते लागत होते म्हणजे फ्यूज चांगलाच असणार, तरी टेस्ट लॅम्पने (टोकदार सळई आणि वायर जोडलेला छोटा बल्ब) फ्यूजच्या डोक्यावरचे दोन्ही ठिपके तपासले, दोन्हीकडे लॅम्प पेटला. फ्यूज उपटून डोळ्यासमोर धरून बघण्यापेक्षा हे बरं, कारण कधीकधी फ्यूज चांगला दिसतो पण पाय सैल बसलेला असतो.

इथपर्यंत अर्धा तास. पुढे रिव्हर्स टाकला की लाइट लावणारा गिअरबॉक्सवरचा स्विच बघायचा तर बॅटरी आणि तिचा ट्रे काढायला लागणार होता आणि मला त्याच दिवशी बाहेर जायचं होतं म्हणून गाडी गॅरेजला नेली. तिथल्या दादांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले स्विच गेलाय, जुन्या गाड्यांत हेच जातं. नवीन स्विच टाकला, दोन्ही लाइट लागले, मी खूश. चौथ्या दिवशी पुन्हा बंद. मग एकदा डिकी जोरात आपटली तर लागले, पुन्हा दोन दिवसांनी बंद. मी जुना स्विच मागून घेतला होता (जुना पार्ट नेहमी मागून घ्यावा, तो आपलाच असतो), तो घरी मीटरला लावून बघितला, पुढची बारीक पिन अंगठ्याने दाबली की ०.३ ओहम, सोडली की पूर्ण ओपन (जोड तुटलेला), वीस वेळा दाबून बघितलं वीसही वेळा तेच. त्यातले ०.२ तर मीटरच्या वायरींचेच असतात. म्हणजे स्विच पूर्णपणे चांगला होता आणि उगाच बदलला गेला. वाईट वाटलं ते पैशापेक्षा त्या चार दिवसांचं, कारण ते चार दिवस मी मागे लाइट आहे या भरवशावर गाडी मागे घेत होते.

तेव्हा ठरवलं की आता अंदाजाने काही बदलायचं नाही, एकेक टप्पा मोजायचा.

एका कागदावर सर्किट काढलं. बॅटरीतून इग्निशन, तिथून फ्यूज, फ्यूजमधून गिअरबॉक्सवरच्या स्विचला, स्विचमधून परत आत येऊन गाडीच्या कडेने कार्पेटखालून मागे, मागच्या खांबातून वर छतापर्यंत, तिथून बिजागरीजवळच्या रबरी नळीतून डिकीच्या दारात, मग दोन बल्ब आणि शेवटी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जाणारी वाट. माझ्या गाडीत मध्ये रिले नाही, कुठला कंप्युटर नाही, बल्बचा सगळा करंट त्या छोट्या स्विचमधूनच जातो. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स टाकला की आतला भाग सरकून स्विचची पिन किंवा गोळी दाबतो आणि दोन टोकं जुळतात, एवढंच त्याचं काम. दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, बारा व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोम त्यात निघाली.

रविवारी धाकट्या भावाला सोबत घेतलं. चाकांना पुढून मागून विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद, फक्त किल्ली ऑन. रिव्हर्स गिअरमध्ये गाडी ठेवून तिच्या मागे काम करायचं असतं त्यामुळे हे आधी करायचं म्हणजे करायचंच, आणि भावाला सांगून ठेवलं की काहीही झालं तरी स्टार्टर मारायचा नाही. बॅटरीचा ट्रे काढून स्विचचा कपलर (वायरींचा प्लग) मोकळा केला आणि बॅटरी वायरीने परत जोडून बाजूला फळीवर ठेवली. कपलरच्या एका पिनवर टेस्ट लॅम्प पेटला, म्हणजे पुढून सप्लाय येतोय आणि लॅम्प पेटवण्याइतका दमदार येतोय. मग कपलरच्या दोन्ही पिना छोट्या वायरीने एकमेकींना जोडल्या, म्हणजे स्विच बाजूलाच काढला. स्विचमध्ये दोष असता तर आता मागे लाइट लागायला हवे होते.

"ताई, काही नाही. दोन्ही बंदच आहेत," मागून आवाज आला.

म्हणजे बिघाड स्विचच्या पुढे, मागच्या बाजूला. ही वायर जोडायची चाचणी दहा मिनिटांची आहे आणि ती आधी केली असती तर नवा स्विच टाकायलाच लागला नसता. स्विच काढला की त्याच्या भोकातून गिअर ऑइल पाझरतं, खाली वॉशर असतो तो नवीन टाकावा लागतो, माझा जुनाच परत लावलेला दिसला कारण त्याच्याभोवती तेलाचा ओला डाग होता. तो वॉशरही मग बदलला.

कपलर परत लावला, भाऊ ड्रायव्हर सीटवर रिव्हर्स टाकून बसला आणि मी डिकीच्या दाराचं प्लास्टिक कव्हर काढलं. दोन्ही होल्डरमधले बल्ब काढून एका होल्डरला मीटर लावला. १२.३ व्होल्ट! मी दोनदा बघितलं. सप्लाय पूर्ण आहे, बल्ब चांगला आहे, होल्डरच्या पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या, बल्ब लावला, काही नाही. बल्ब काढला, १२.३. लावला, अंधार. एक तास मी याच ठिकाणी घालवला, दुसरा बल्ब, तिसरा बल्ब, होल्डरची पट्टी वर उचलून बघ, सगळं केलं.

मग बल्ब होल्डरमध्ये तसाच ठेवून मीटरची टोकं मागून होल्डरच्या पिनांना टेकवली. मीटरवर ०.१ व्होल्ट. बल्ब अर्धवट बाहेर काढला की परत १२.३, आत दाबला की ०.१. तिथे डोक्यात उजेड पडला. साधा डिजिटल मीटर व्होल्टेज मोजताना करंट जवळजवळ घेतच नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स सहसा १० मेगाओहम असतो म्हणजे बारा व्होल्टला एका अँपिअरचा साधारण दहा लाखावा भाग. वायरीतली सगळी तांब्याची केसं तुटली आणि टोकं गंजातून नुसती टेकून राहिली, मध्ये शंभर दोनशे ओहमचा अडथळा झाला, तरी मीटरला काही फरक पडत नाही, तो बारा व्होल्टच दाखवणार. पण बल्ब लावला की त्याला हवा असतो पावणेदोन अँपिअर आणि तेवढा करंट त्या जागेतून जाऊ शकत नाही, सगळं व्होल्टेज तिथेच खर्ची पडतं आणि बल्बच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून वायर तपासताना लोड लावूनच मोजायचं, बल्ब जागेवर ठेवून. टेस्ट लॅम्प याच कारणाने मीटरपेक्षा खरं बोलतो, तो स्वतः करंट ओढतो. (मात्र एअरबॅगच्या किंवा कंप्युटरच्या वायरींना असा बल्बवाला टेस्ट लॅम्प कधीच लावू नका, तिथे तो नुकसान करू शकतो.)

आता अडथळा सप्लायच्या वायरीत आहे की अर्थमध्ये? अर्थ खराब असला तरी असंच होतं, उलट तेव्हा अजून विचित्र प्रकार दिसतात, रिव्हर्स टाकला की शेजारचा दुसराच दिवा मंद पेटतो कारण करंट परत जायला दुसऱ्या बल्बमधून वाट शोधतो. मी आधी मीटर लावून अर्थ बघणार होते पण लक्षात आलं की सप्लाय अडला असेल तर करंट जवळजवळ वाहतच नाही, मग अर्थ खराब असला तरी त्यावर ड्रॉप (वाटेत खर्ची पडलेलं व्होल्टेज) शून्यच दिसणार आणि मी अर्थ चांगला म्हणून फसणार. म्हणून बॅटरीच्या प्लसपासून एक लांब वायर घेतली, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज टाकला, होल्डरच्या कपलरमधून फक्त सप्लायची वायर सोडवून ती वायर थेट बल्बच्या पिनला दिली. बल्ब लख्ख पेटला. बल्ब पेटलेला असताना होल्डरचा अर्थ आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मोजलं, ०.०५ व्होल्ट. अर्थ उत्तम. दोष सप्लायच्या वायरीतच.

वायर स्विचपासून बल्बपर्यंत चार साडेचार मीटर असेल, सगळं कार्पेट उचलण्यापेक्षा मधूनच मोजायचं ठरवलं. मागच्या खांबाचं प्लास्टिक काढलं तर तिथे त्याच वायरीवर निळा क्लिपवाला जोड दिसला, तो आतल्या पात्याने वायरीचं इन्सुलेशन कापून चिमटा घेतो तो. आधीच्या मालकाने पार्किंग सेन्सर लावला असणार, सेन्सर केव्हाच गेला पण जोड तिथेच राहिला. उघडून बघितलं तर पात्याने तांब्याची निम्मी केसं कापलेली. मला वाटलं सापडलं! तो तुकडा कापून टाकला, नीट सोल्डर केलं, वर स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवली, भावाला रिव्हर्स टाकायला सांगितलं. लाइट बंदच. पण ती दुरुस्ती वाया गेली असं मी म्हणणार नाही, तो जोड पुढे कधीतरी त्रास देणारच होता. आता त्याच जागी, बल्ब जागेवर लावलेला ठेवून, मोजलं तर १२.१. म्हणजे इथपर्यंत वायर चांगली. आणि डिकीच्या दारात ०.१. मध्ये फक्त ती रबरी नळी उरली.

डिकी उघडताना बंद करताना ती नळी दर वेळी वाकते आणि आतल्या वायरी त्याच जागी वर्षानुवर्षं दुमडतात. नळी दाराच्या बाजूने सोडवून मागे सारली तर आत सात वायरी, त्यातल्या तीन वायरींचं इन्सुलेशन तडकलेलं, आणि रिव्हर्स लाइटची वायर बाहेरून फक्त जरा मळकट दिसत होती. हळूच ओढली तर ती रबरासारखी लांबली. आत तांबं असलेली वायर अशी लांबत नाही. इन्सुलेशन चिरलं, आतून हिरवी पूड पडली आणि तांब्याची टोकं काळी पडलेली. डिकी आपटल्यावर लाइट का लागायचे ते आता कळलं, ती टोकं हलून एकमेकांना टेकायची. आणि नंबर प्लेटचा लाइट खड्ड्यातून जाताना फडफडायचा, त्याकडे मी कित्येक महिने दुर्लक्ष केलं होतं, त्याचीही वायर त्या तीनमधलीच.

पहिली दुरुस्ती माझी चुकली. तुटलेली टोकं साफ करून तिथल्या तिथे मध्ये बोटभर तुकडा टाकून सोल्डर केलं, लाइट लागले, सगळं बंद केलं. अडीच आठवड्यांत परत गेले. उघडलं तर सोल्डर जसाच्या तसा आणि त्याच्या अगदी कडेला वायर तुटलेली. सोल्डर वितळला की तो केसांच्या मधून पुढे झिरपतो आणि तेवढा भाग खिळ्यासारखा ताठ होतो, मग वाकायचा सगळा ताण त्याच्या कडेवर येतो. म्हणजे जिथे वायर वाकते तिथे जोड ठेवायचाच नाही.

दुसऱ्यांदा केलं ते असं. बॅटरीचं मायनस काढलं. खांबाजवळ छताची कडा हलक्या हाताने थोडी खाली केली, माझ्या जुन्या गाडीत तिथे काही नाही पण ज्यांच्या गाडीत छताच्या कडेला पडदा एअरबॅग असते त्यांनी तिथे असा हात घालू नये, जाणकाराकडून करून घ्यावं. बॉडीच्या आत नळीपासून वीतभर मागे आणि दाराच्या आत वीतभर पुढे अशा दोन ठिकाणी वायर कापली आणि मधला सगळा भाग नवीन टाकला, १ चौरस मिलिमीटरची बारीक पुष्कळ केसांची मऊ सिलिकॉन वायर, जी बोटाला गुंडाळली तरी कुरकुरत नाही. तडकलेल्या तिन्ही वायरी बदलल्या. जुनी वायर ओढून काढताना तिच्या शेपटाला दोरा बांधला, तोच दोरा नवीन वायरी नळीतून आणायला कामी आला, नाहीतर त्या नळीतून मऊ वायर ढकलणं अशक्य आहे.

जोड एकाच रेषेत न ठेवता प्रत्येक वायरीचा दोन दोन बोटं पुढेमागे ठेवला म्हणजे एकत्र बांधल्यावर गाठ होत नाही. हीट श्रिंक स्लीव्ह सोल्डर करण्याआधी वायरीत ओवून लांब सरकवून ठेवायची, जवळ ठेवली तर सोल्डरिंगच्या उष्णतेने ती तिथेच आवळते, एक माझी तशी गेली आणि जोड परत उकलावा लागला. जुन्या तांब्यावर सोल्डर धरतच नव्हता, काळपट थर पॉलिश पेपरने घासून लालसर तांबं दिसेपर्यंत मागे मागे कापत गेले, एका वायरीला तर चार बोटं कापावं लागलं तेव्हा कुठे स्वच्छ तांबं आलं. हिरवा गंज इन्सुलेशनच्या आतून असा पुढे सरकलेला असतो, म्हणून वायर थोडी जास्त लांबीची आणून ठेवावी. वरून कापडी टेप गुंडाळली, साधी प्लास्टिकची टेप उन्हाने चिकट होऊन सुटते. नळीच्या आत वायरींना थोडी ढील ठेवली, दार पूर्ण वर असताना कुठलीच वायर ताणलेली राहू नये एवढी. नळीच्या कडेला साबणाचं पाणी लावलं की ती दाराच्या भोकात व्यवस्थित बसते, आणि ती चहूबाजूंनी बसली आहे का हे बोट फिरवून बघायचं, नाहीतर पाणी तिथूनच आत जातं आणि परत तोच हिरवा गंज.

बॅटरी जोडली, भावाने रिव्हर्स टाकला आणि ओरडला, "ताई, लागले का?" मला उत्तर द्यायच्या आधी मीटर बघायचा होता. बल्ब पेटलेले असताना बॅटरीवर १२.२, होल्डरवर ११.७. एवढ्या लांब जुन्या वायरीत, फ्यूजमध्ये, स्विचमध्ये मिळून अर्धा व्होल्ट जाणं मला चालण्यासारखं वाटलं. मग लाइट लागलेले ठेवून डिकी तीस वेळा उघडली आणि बंद केली, कधी हळू कधी जोरात, भाऊ दर वेळी मागच्या भिंतीवरचा उजेड बघत होता, एकदाही फडफडला नाही. नंबर प्लेटचाही.

त्याला आता चार महिने झाले. दर महिन्याला एकदा रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावते, रिव्हर्स टाकते आणि आरशात भिंतीवर पांढरा उजेड दोन्ही बाजूंना सारखा पडलाय का बघते, त्याला एक मिनिटही लागत नाही आणि सोबत कुणी लागत नाही. मागच्या आठवड्यात नळी परत सोडवून आत बघितलं, वायरी मऊच आहेत, इन्सुलेशनला तडा नाही, होल्डरवर परत ११.७. उरलेल्या चार जुन्या वायरींपैकी मागच्या वायपरची वायर मात्र आता थोडी कडक लागतेय, ती या महिन्यात बदलून घेणार आहे, दोरा अजून तसाच नळीत ओवून ठेवलाय.